काडीभर उजेड

२० फेब्रुवारी

ठकीस,

तुझ्या ताईचा आशीर्वाद. आठच महिन्यांनी मोठी असले तरी मोठी आहे, तेव्हा नाक न मुरडता घे.

मावशीच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन सोमवारी झालं. नीट झालं. मोतीबिंदू चांगलाच पिकला होता म्हणे. डावा डोळा महिन्याभरानं करू म्हणाले डॉक्टर. पट्टी काढल्यावर तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, तू किती पिकलीस!" मी मनाला लावून घेतलं नाही. आता नजर आली आहे तर सगळंच दिसणार.

उन्हात बाहेर पडताना काळा चष्मा लावायला सांगितलंय, महिनाभर. मी माझ्या चष्म्याच्या दुकानातला मोठा, बाजूनंही झाकणारा दिला. पण तुझी आई तुला माहीत आहे. डॉक्टरांनी एक सांगितलं की ती चार करते. मटार सोलायला बसते तरी डोळ्यांवर काळा चष्मा. परवा आरशापुढे उभी राहून विचारत होती, मी गुप्तहेर दिसते का म्हणून. बाई फार लाडात आली आहे.

आता तुझ्या आवडीची बातमी. दुकानासमोरच्या थिएटरवर तुझ्या सिनेमाचं पोस्टर लागलं. वरपासून खालपर्यंत काळं आहे. डाव्या कोपऱ्यात चार तोंडं आहेत, त्यातलं तिसरं तुझं असावं असा माझा अंदाज आहे. काउंटरमागून ते शर्टाच्या बटणाएवढं दिसतं. मी दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते आणि मान वर केली की समोर तू. दुकानाचं तोंड दुसरीकडे फिरवता येत असतं तर फिरवलं असतं. (थट्टा करतेय.)

मावशी रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसते. गिऱ्हाइकांनी तुझ्याबद्दल विचारलं की नेहमीचं उत्तर ठरलेलं, "धाकटी बाहेरगावी असते, नोकरीला." मग माझ्याकडे हात करते, "ही माझी थोरली. डोळे तपासते." माझी आई गेल्यापासून ती मला थोरली म्हणत आली आहे, पण चार लोकांत म्हटलं की अजूनही बरं वाटतं. भाचीला थोरली म्हणायला मन मोठं लागतं.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे चहाच्या वेळी तिला मोठ्यानं वाचून दाखवीन. फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो म्हणून तिनं हा पत्रांचा दंडक घातला, तो तू पाळतेस हे नवलच आहे. खाजगी काही लिहायचं असलं तर दुकानाच्या पत्त्यावर लिही.

तुझी ताई

•

२६ फेब्रुवारी

ताई,

म्हणूनच हे दुकानाच्या पत्त्यावर.

डोळ्याची बातमी वाचून मी जिन्यावरच बसून रडले. पहिल्यांदा तिनं तुझं तोंड बघितलं. बघू दे. पण मी तिथं असते तर तू जरा बाजूला सरकली असतीस का गं? नसतीस. मला माहीत आहे. तुला ती रोज चहाला मिळते, आणि मला ती तुझ्या अक्षरात मिळते. "मावशी म्हणाली", "मावशी हसली". त्यातलं तू किती गाळतेस, देव जाणे. लोक मला म्हणतात, तुझं काय बाई, तू नटी. त्यांना काय सांगू, माझ्या आईच्या हातचा चहा माझी मावसबहीण पिते म्हणून.

तर ऐक. ती नोकरीची थाप ती का मारते ते तुला ठाऊक आहे. मी घर सोडलं त्या दिवशी ती म्हणाली होती, "ज्या दिवशी पडद्यावर तुझं तोंड मला ओळखू येईल, त्या दिवशी चार लोकांत सांगीन, माझी मुलगी नटी आहे." त्यानंतर मी काय काय केलं! हॉटेलात पाणी आणून देणारी झाले, प्रेताच्या शेजारी उभी राहिले, जाहिरातीत नुसते हात दिले. तोंड कुणी मागितलंच नाही. आता मागितलंय.

सिनेमा खाणीच्या गावाचा आहे. खाणीत अपघात होतो. मी एका कामगाराची बायको. मध्यंतरानंतर मी खाणीच्या तोंडाशी जाते. तिथं मेलेल्यांचे बूट ओळीनं मांडून ठेवलेत. मी काडी ओढते आणि त्या उजेडात नवऱ्याचे बूट शोधते. काडी विझायच्या आत ते सापडतात. एक शब्द बोलायचा नाही. बूट एकदाच दिसतात, बाकी सगळं माझं तोंड. ताई, एवढ्या मोठ्या पडद्यावर फक्त माझं तोंड!

कॅमेरामन हट्टी आहे. म्हणाला, बाजूनं एकही दिवा लावणार नाही, खऱ्या काडीचा खरा उजेड. बोटं भाजली माझी, अजून डाग आहे. मी हळूच विचारलं, दिसेल ना हो? तर म्हणाला, "अंधारालाही चेहरा असतो." मी म्हटलं, मग त्यालाच घ्यायचं होतंत, मला कशाला बोलावलं? पण स्टुडिओतल्या छोट्या हॉलमध्ये आम्हाला दाखवला तेव्हा सगळं दिसलं. पापण्या मोजता आल्या असत्या.

तर एवढं कर. आईला पहिल्याच आठवड्यात घेऊन जा. मधल्या रांगेत मधोमध बसा. आणि काडी पेटली की तू पडद्याकडे बघू नकोस, तिच्या तोंडाकडे बघ, आणि मला लिही. न गाळता लिही. तुझ्याकडे मी आजवर दुसरं काही मागितलेलं नाही.

ठकी

•

६ मार्च

ठकीस,

काल बाराच्या खेळाला गेलो. दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं, हे तुझ्या खात्यावर लिहून ठेव. मावशीनं ठेवणीतला पोशाख काढला होता. येता-जाता ऊन अगदी रणरणतं होतं, पण काळा चष्मा होता म्हणून निभावलं. मधली रांग, मधोमध, तुझ्या हुकुमाप्रमाणे.

आता मी काय सांगू? वाईट वाटून घेऊ नकोस, पण अगं, दिसलं काय त्यात? सुरुवातीला मला वाटलं सिनेमा अजून चालूच झालेला नाही. मग कुणीतरी खोकलं, तेव्हा कळलं की तो आवाज पडद्यावरून आला. अर्धा तास मी ज्याला खांब समजत होते तो तुमचा हीरो निघाला. मागच्या रांगेत एक गृहस्थ बायकोला सारखे विचारत होते, "कोण मेलं?" आणि ती म्हणत होती, "ज्याच्याकडे कंदील होता तो." त्यानंतर तर कंदीलही गेला. एकानं ओरडून सांगितलं, "अहो, दिवे लावा कुणीतरी!" बॅटरीवाला उशिरा आलेल्यांना जागा दाखवायला यायचा तेव्हा सगळा हॉल खूश व्हायचा. निदान बॅटरीत माणसं तरी दिसत होती.

थिएटरचा मॅनेजर माझं गिऱ्हाईक आहे. बाहेर भेटला तर स्वतःच वैतागलेला. म्हणाला, "ताई, हल्ली सगळे असेच येतात. जुन्या सिनेमात रात्र असली तरी हीरोइनचं तोंड दिसायचं. आता भर दुपारही कोळशात बुडवून आणतात." मी विचारलं, तुमचा दिवा मंद नाही ना? तर म्हणाला, दिवा जुना आहे, जपून वापरतो. म्हणजे थोडं तुमचं, थोडं त्याचं.

मध्यंतरात मावशीला पाणी दिलं. डोळ्याला त्रास नाही ना विचारलं, नाही म्हणाली.

तुझी काडी पेटली. पेटली हे मला कळलं. मला स्वतःला बूट दिसले, एक हात दिसला. बाकी मी जांभई देत होते, खोटं कशाला बोलू. घरी येताना मी मावशीला विचारलं, "दिसली का गं ठकी?" तिनं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "नाही बाई. मला काहीच दिसलं नाही." हे तिचेच शब्द आहेत, एकही गाळलेला नाही.

आज सकाळपासून दुकानात गर्दी आहे. काल सिनेमा बघून आलेले लोक डोळे तपासायला येत आहेत. एक शिक्षिका तर रडकुंडीला आली होती, "माझी नजर गेली हो!" मी तिला खालची ओळ वाचायला लावली, धडाधड वाचली. म्हटलं, बाई, तुमचे डोळे ठणठणीत आहेत, सिनेमाला चष्मा लागलाय. तेव्हा तुझ्या कामानं कुणाचं भलं झालं नाही असं मुळीच समजू नकोस. माझ्या धंद्याला बरकत आली आहे.

संध्याकाळी कुणीतरी मावशीला विचारलंच, धाकटी काय करते? ती म्हणाली, "असते बाहेरगावी."

जपून राहा. पुढच्या वेळी उजेडातला सिनेमा घे.

तुझी ताई

•

११ मार्च

ताई,

तुझं पत्र मी मेकअपच्या खोलीत उघडलं आणि पुन्हा पाकिटात घातलं. मग घरी येऊन वाचलं. फार मजेत लिहिलं आहेस. इतकं मजेदार पत्र तू मला याआधी कधी लिहिलं नाहीस.

मी कॅमेरामनकडे जाऊन भांडले. म्हटलं, माझी आई मधल्या रांगेत मधोमध बसली होती, नवा डोळा घेऊन बसली होती, आणि तिला मी दिसले नाही. तो म्हणाला, "थिएटरवाले दिवे मंद ठेवतात, त्याला मी काय करू? मी माझ्या पडद्यावर सगळं दाखवलंय." म्हटलं, तुमचा पडदा कोण बघतं? तुम्ही, तुमचा असिस्टंट आणि तुमचं मांजर. लोक जिथं बघतात तिथं जाऊन बसलात का एकदा तरी? तर म्हणतो, "दोन दिवे वाढवले असते तर ते खोटं वाटलं असतं." खोटं! मी रोज दुसऱ्याची बायको, दुसऱ्याची बहीण होते आणि हा मला खोट्याचं सांगतोय.

खरं सांगू? मला त्याचाही हेवा वाटतो. त्याचं नाव झालं. पेपरात आलं, अंधाराची कविता वगैरे. अंधाराचं कौतुक झालं आणि अंधारात उभी होते ती मी, माझं नाव शेवटून दुसरं आलं.

आईला पुन्हा घेऊन जा. पुढे बस. नाहीतर मॅनेजरला सांगून दिवा वाढवून घे, तुझं गिऱ्हाईक आहे ना? मी पाया पडते. तिच्या डोळ्याला काही झालेलं नाही ना, तेवढं मात्र आधी बघ.

ठकी

•

२४ मार्च

ठकीस,

उत्तराला उशीर झाला. सिनेमा उतरला. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी पोस्टर काढलं. आता समोर एक विनोदी सिनेमा लागला आहे, त्याच्या पोस्टरवर इतका पिवळा रंग आहे की माझं डोकं दुखतं.

डोळ्याचं विचारलंस म्हणून सांगते. मावशीला मी दुकानातल्या खुर्चीत बसवून तपासलं. वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी वाचल्या, आणि अगदी खाली तक्ता छापणाऱ्याचं नाव असतं, जे आजवर कुणी वाचलेलं नाही, तेही वाचलं. डोळा लख्ख आहे.

पण तिनं डाव्या डोळ्याची तारीख पुढे ढकलली आहे. विचारलं तर म्हणते, "बघू. घाई काय आहे." डॉक्टरांचा फोन आला तर मला म्हणाली, सांग मी झोपले आहे. दुकानातही येत नाही. घरी बसून माझ्याकडे बघत असते. मी स्वयंपाक करते, ती बघते. मी जेवते, ती बघते. काय झालं विचारलं तर म्हणते, "काही नाही. तू सांग." मी काय सांगू?

मला वाटतं तिला भीती बसली आहे, ऑपरेशन होऊनही काही दिसत नाही अशी. मी समजावते की सगळाच सिनेमा काळा होता, कुणालाच काही दिसलं नाही. ती मान हलवते. मला झोप नीट लागत नाही हल्ली. हे तुला का लिहितेय कोण जाणे.

ताई

•

२९ मार्च

ताई,

आज शूटिंगला सुट्टी होती. तुझी सगळी पत्रं काढून बसले, आईची आठवण आली की मी तसंच करते.

फेब्रुवारीत तू लिहिलंस, ती मटार सोलतानाही काळा चष्मा काढत नाही. मार्चमध्ये लिहिलंस, येता-जाता ऊन होतं, पण काळा चष्मा होता. येता होता आणि जाता होता. मधे तो कुठे होता?

तू डोळे तपासतेस. रस्त्यानं चाललेल्या माणसाच्या चष्म्याची काडी वाकडी असली तर तू त्याला थांबवून सरळ करून देतेस. तीन तास तुझ्या शेजारी बसलेल्या बाईच्या डोळ्यांवर काय आहे हे तुला दिसलं नाही, असं मला लिहू नकोस. दुसरं काहीही लिही.

ठकी

•

४ एप्रिल

ठकीस,

होता. तिच्या डोळ्यांवरच होता.

सुरुवातीला खरंच माझ्या लक्षात आलं नाही. हॉलमध्ये काळोख, पडद्यावर त्याहून काळोख, शेजारी काय दिसणार? मध्यंतरात दिवे लागले तेव्हा दिसलं. तिनं स्वतःच विचारलं, "हा काढू का गं?" आणि मी म्हटलं, "राहू दे, मावशी. डॉक्टरांनी सांगितलंय." डॉक्टरांनी उन्हाचं सांगितलं होतं. ते मला माहीत होतं. मग मी तिच्यासाठी पाणी आणायला गेले.

आता का ते ऐक. विचारलं आहेस तर पुरतं ऐक.

मी जळते तुझ्यावर. आजची नाही, लहानपणापासूनची. माझी आई गेली आणि मावशीनं मला उचलून आणलं. तिनं दोघींना एकाच कापडाचे फ्रॉक शिवले, पण तू घातलास की माणसं म्हणायची, "वा!" आणि मी घातला की म्हणायची, "उरलेल्या कापडातला का?" तू घर सोडून गेलीस. मी राहिले. मी तिची औषधं आणली, तिचं दुखणं काढलं, ती रात्री तुझ्या आठवणीनं रडायची तेव्हा तिच्या उशाशी बसले. तुझ्या आठवणीनं! उशाशी कोण बसलंय याचं तिला काय? चार लोकांत ती मला थोरली म्हणायची ते एवढंच माझं होतं. आणि ते कशामुळे होतं? तुझं सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून. उद्या तिनं पडद्यावर तुझं तोंड बघितलं असतं तर "माझी मुलगी नटी आहे" सुरू झालं असतं. मग डोळे तपासणाऱ्या भाचीला कोण पुसतं?

तुझं तोंड मला दिसलं, ठकी. सगळ्या काळ्या सिनेमात तेवढंच नीट दिसलं. बूट सापडतात तेव्हा तू ओठ आत घेतेस, मावशी घेते तसे. जांभई मी दिली नाही. मी रडत होते. तुझं काम चांगलं झालं म्हणून की माझ्या पोटात दुखत होतं म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तू सांगितलं होतंस मावशीकडे बघ, तर तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

घरी येताना ती "काहीच दिसलं नाही" म्हणाली आणि मला आधी आनंद झाला. खरंच झाला. त्या आनंदात मी तुला ते पत्र लिहिलं. मग तिनं डॉक्टर टाळायला सुरुवात केली आणि मला दरदरून घाम फुटला. माझ्या हेव्यापायी तिचा दुसरा डोळा जायचा.

तुझं पत्र काल आलं. आज सकाळी मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. राहू दे म्हटलं ते, डॉक्टरांचं खोटं, पाण्याचं निमित्त, सगळं. ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "कागद आण. आणि ते जाड पेन." मी म्हटलं, सांग, मी लिहून घेते. म्हणाली, "आता मला डोळा आहे." दार लावून बसली आहे. मला वाचायला देणार नाही म्हणते.

तुला माझं तोंड बघायचं नसेल तर मी समजून घेईन. पत्र लिहिणं बंद करू नकोस, तेवढंच. ती वाट बघते. मीही बघते.

ताई

•

५ एप्रिल

ठकीला आशीर्वाद, आणि थोरली कधी वाचेल तेव्हा तिलाही.

मी पुष्कळ वर्षांनी माझ्या हातानं लिहिते आहे. अक्षर मोठं येतंय, कागद संपेल, म्हणून थोडक्यात.

ही म्हणते तिनं मला काळ्या चष्म्यात बसवलं. बसवलं खरं. पण मी काय कुक्कुलं बाळ आहे? राहू दे म्हणाली तेव्हाच तिचा आवाज मला कळला. खोटं बोलताना ती लहानपणापासून एक पट्टी वर जाते. म्हटलं, राहू दे तर राहू दे. मध्यंतरानंतर तुझा आवाज आला, धापा टाकत चालल्याचा. जिना चढताना तू तशीच धापा टाकतेस. मी काय केलं, तो चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि वरून बघितलं.

तू काडी ओढलीस. तुझं तोंड दिसलं. वाळलं आहेस. बूट सापडले तेव्हा ओठ आत घेतलेस, तो माझा ओठ आहे. माझी ठकी एवढी मोठी झाली आणि मला कुणी सांगितलं नाही. मी हिला म्हणायला वळले, "अगं, बघितलीस का!" तर त्याच उजेडात हिचं तोंड दिसलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. तोंडावर हात दाबून बसली होती, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. माझी बहीण गेली त्या दिवशी ही तशीच बसली होती, स्वयंपाकघराच्या दाराआड. त्या दिवशीही मला उशिरा दिसली.

मग तुझी काडी विझली.

रस्ता ओलांडताना हिचा हात बर्फासारखा गार होता. दिसली का विचारते आहे आणि माझ्याकडे बघत नाही. मला काय सुचावं? म्हटलं, आज हिला जिंकू दे. तुझ्याकडे अख्खा सिनेमा आहे, हिच्याकडे मी एकटी. म्हणून म्हणाले, काही दिसलं नाही. दोन दिवसांनी खरं सांगणार होते. पण हिनं तुला काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं नाही, दुकानात बसून परस्पर टाकलं, तेव्हा मलाही राग आला. ठरवलं, ही आपणहून बोलेपर्यंत डॉक्टरकडे जायचं नाही. बोलायला महिना लावला हिनं. तेवढ्यात तू तिकडे झुरत राहिलीस, ते मात्र माझं चुकलं. हिला शिकवण्याच्या नादात मी तुला विसरले. आयांना असं होतं, पण होऊ नये.

डावा डोळा येत्या गुरुवारी करते आहे. तारीख मीच फोन करून घेतली.

आज हे पाकीट टाकायला एकटी पोस्टात आले, चष्मा लावून, कारण ऊन होतं, आणि चिकटवायच्या आधी इथल्याच बाकावर बसून हे शेवटचं लिहिते आहे. खिडकीतल्या बाईंनी पत्ता वाचला आणि विचारलं, "मुलगी का?" मी म्हटलं, "हो. माझी धाकटी. नटी आहे." बाई म्हणाल्या, "अय्या, कुठल्या सिनेमात?" तर मागे रांगेत चार माणसं होती, त्यांनाही ऐकू जाईल असं सांगितलं. मग म्हटलं, "आणि थोरली थिएटरसमोर चष्म्याच्या दुकानात असते, तुम्ही या खिडकीत फार डोळे बारीक करता, एकदा दाखवून घ्या." त्या उद्या येतील, हिला सांगून ठेवते.

तुमच्या त्या कॅमेरावाल्याला माझा निरोप सांग. पुढच्या वेळी दोन दिवे जास्त लाव म्हणावं. एका काडीत दोन मुली बघायच्या म्हणजे या वयात माझी फार धावपळ होते.

आई